लग्न लावणारी बाई

नवी मुंबईला इतिहास नाही, असं आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास म्हणतात. पुण्याहून आलेले तर जरा जास्तच ठासून म्हणतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा. सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० ला, वाशीचा खाडीपूल १९७३ चा, वाशीपर्यंत लोकल आली १९९२ मध्ये आणि महानगरपालिकाही त्याच वर्षीची. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक या शहरापेक्षा वयाने मोठे आहेत. इथे पेशव्यांचा वाडा नाही की नानासाहेबांनी जेवून गेलेलं घर नाही. सेक्टरला सुद्धा नाव नाही, नंबर आहे.

पण मंडळी, सेक्टरच्या नंबरांच्या मधे मधे गावं आहेत. शिरवणे, सारसोळे, करावे, दारावे, घणसोली, दिवाळे, आग्रोळी... ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी ही आगरी, कोळी, कराडी लोकांची गावं. 'आगरी' हा शब्दच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलेला. टॉवरच्या गेटमधून बाहेर पडून एक गल्ली ओलांडली की गावदेवीचं देऊळ लागतं, आणि लग्नसराईत त्या गल्लीतून एक विशिष्ट आवाज येतो. डीजेचा नव्हे, तो तर सगळीकडेच येतो. हा आवाज बायकांचा, लांबवलेला, संथ, थोडासा रडवा वाटणारा. बरोबर ढोलकी नाही, पेटी नाही. मी या भागात राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं कुणाकडे तरी भजन चाललंय. ते भजन नव्हतं. तो धवला होता आणि तो गाणारी बाई होती धवलारीण.

धवलारीण म्हणजे आगरी समाजात लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडणारी बाई. 'लग्नात गाणारी' असं म्हटलं तर अर्धवट होईल. आपल्याकडे विहिणीच्या पंगतीला गाणी म्हणायच्या तशी ती नाही. मांडव घालणं, उंबराची फांदी आणून मांडवात रोवणं, तेल चढवणं, हळद लावणं, या प्रत्येक टप्प्याचा धवला वेगळा. तो म्हटल्याशिवाय तो टप्पा पुरा होत नाही. ती आधी देवांना लग्नाचं आमंत्रण देते. आपल्या ओळखीचे मोठे देव त्यात असतातच, पण गावदेवीही असते, कार्ल्याची एकवीरा असते. एका अर्थाने पुरोहित जे करतो तेच ती करते. फक्त संस्कृतात नाही, आगरी बोलीत. आणि पोथीशिवाय.

मी एका मावशींना हे विचारलं होतं. (नाव लिहीत नाही, त्यांना न विचारता लिहिणं बरं दिसत नाही.) एवढं सगळं कुठे लिहून ठेवलंय का, असा माझा शहरी प्रश्न. त्या हसल्या. "पोथी कशाला गो बाय, सगला डोक्यान हाय." त्यांनी ते आपल्या आत्याच्या मागे मागे मांडवात बसून उचललं होतं. कुणी शिकवलं असं नाही. आत्या गायची, या मागून ओळ धरायच्या, असं करता करता वीसेक वर्षांत पुढे गायचा मान आला. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. कपाळ मोकळं होतं. त्या कपाळानिशी त्या नवरीला हळद चढवताना पहिला सूर लावत होत्या आणि मांडवातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

माझं लक्ष तिथे अडकलं, आणि हे सगळं लिहायचं कारणही तेच. पण त्यावर येण्याआधी थोडी मागे जाते.

'धवल' हा शब्द फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. त्याने 'मानसोल्लास' नावाचा एक प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला, साधारण ११२९ च्या सुमारास. त्यात हत्ती पकडण्यापासून मांडे करण्यापर्यंत सगळं आहे. गाण्यांच्या प्रकरणात तो सांगतो, की लग्नात धवल गावा, उत्सवात मंगल गावं, आणि महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी लग्नाच्या गाण्याला हेच नाव होतं. राजाला ते नोंदवून ठेवण्याइतकं महत्त्वाचं वाटलं. आमच्या शेजारच्या गल्लीत जो शब्द रोजच्या बोलण्यात आहे, तो ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षं आधीचा.

त्यानंतर येते महदाइसा, म्हणजे महदंबा. शाळेत 'मराठीतली आद्य कवयित्री' एवढं एका मार्कासाठी पाठ केलेलं नाव. तिच्या काव्याचं नाव काय? 'धवळे'! ळ आणि ल चा फरक सोडला तर शब्द तोच. तेराव्या शतकाच्या शेवटाकडची गोष्ट. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू राहत असत. लहान मुलासारखे लहरी, वेडसर वाटावेत असे. एकदा त्यांनी हट्ट धरला की माझं लग्न करा. भक्तांनी लुटुपुटीच्या लग्नाची तयारी केली आणि लग्न म्हटल्यावर धवळे हवेतच, म्हणून महदाइसेने ते गायले. रुक्मिणीच्या स्वयंवराची कथा, सुमारे दीडशे कडव्यांत. (त्याच ऋद्धिपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. उशिरा का होईना, पण जागा मात्र अचूक निवडली.)

आता या महदाइसेबद्दल शाळेत न सांगितलेली, किंवा सांगून आपण ऐकली नाही अशी गोष्ट. ती बालविधवा होती.

जरा थांबून विचार करा. ज्या काळात आणि ज्या समाजात विधवेने लग्नघरात पुढे पुढे करू नये असा दंडक होता, तिथे मराठीतलं पहिलं मोठं लग्नगीत एका विधवेने रचलं आणि ते तिने मांडवातच, सगळ्यांसमोर गायलं. महानुभावांमध्ये ते चाललं, कारण चक्रधरांनी असले पुष्कळ विटाळ झुगारूनच दिले होते. मासिक पाळीबद्दल त्यांचं म्हणणं असं, की नाकातून शेंबूड येतो तसा हाही शरीराचा एक स्राव आहे, त्यात विटाळ कसला? सातशे साडेसातशे वर्षांपूर्वी हे बोलून झालंय. आणि आमच्या ग्रुपमध्ये मागच्या गणपतीला तिघीजणी पाळी लांबवायची गोळी घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक तर स्वतः डॉक्टर आहे.

या गोळीवर वेगळं लिहायला हवं खरंतर. आजी-पणजीच्या काळी चार दिवस बाजूला बसावं लागे, त्याला आपण अन्याय म्हणतो. तो होताच. पण त्या चार दिवसांत निदान पाठ टेकायला मिळायची, असं माझी आजी म्हणायची. आता बाजूला बसणं गेलं, देव मात्र तेवढाच सोवळा राहिला. मग तारखांचं गणित करायचं, गोळी घ्यायची, नंतर महिनाभर अंगाचा खेळखंडोबा सहन करायचा, आणि एकवीस मोदक वळायचे. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींना यातलं काही माहीतही नसतं. आपणच आपल्या घरात हे करून घेतो. असो.

धर्मशास्त्रवाल्यांना तरी बायकांच्या या बाजूची कल्पना होती का? होती. आपस्तंब गृह्यसूत्र नावाचा ग्रंथ आहे, ख्रिस्तपूर्व काळातला. लग्नाचे मंत्र, होम हे सगळं सांगताना त्यात एक छोटंसं सूत्र येतं. त्याचा अर्थ असा, की लग्नातले बाकीचे आचार बायकांकडून समजून घ्यावेत. बस्स, एवढंच. पुढे काही नाही. कुठले आचार, कुठल्या बायका, त्या काय म्हणतात, याचा उल्लेख नाही. मला हे सूत्र वाचून आधी आनंद झाला आणि मग थोडा राग आला. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं की अर्धं लग्न बायकांच्या हातात आहे. त्यांचा शब्द शेवटचा आहे, हेही ठाऊक होतं. पण जे तुमचं ते शब्दन् शब्द पाठ केलंत, आणि जे त्यांचं ते 'त्यांना विचारा' म्हणून सोडून दिलंत!

त्यामुळे आपल्या घरात धर्म दोन भाषांत चालतो. एक संस्कृत. तो गुरुजींच्या तोंडून येतो, त्याला पोथी आहे, दक्षिणा आहे, मुहूर्त आहे. दुसरा मराठी. तो आईच्या, सासूच्या, आत्याच्या तोंडून येतो. शुक्रवारची कहाणी, भोंडल्याची गाणी, बारशाचा पाळणा, जात्यावरची ओवी, ओटी भरताना काय आधी घालायचं आणि काय नंतर, कुठल्या दिवशी केस धुवायचे नाहीत... याला पोथी नाही, दक्षिणाही नाही. पहिल्याला आपण 'विधी' म्हणतो, दुसऱ्याला 'बायकांचं काहीतरी'. मंगल कार्यालयातसुद्धा गुरुजींना माईक मिळतो आणि आत्याला 'आटपा आता' म्हणतात.

आता पुरोहितांचं बघू. गावजोशी हा पूर्वी वतनदार असे. गावातल्या लग्नाची दक्षिणा हा त्याचा वंशपरंपरेचा हक्क. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं, तेव्हा केवढा गहजब झाला हे आपण वाचलेलं आहे. पुढे जुन्नर तालुक्यात ओतूरला असं लग्न झाल्यावर जोशी मंडळी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात गेली. लग्न आम्ही लावलं नाही तरी पैसे आम्हाला द्या, असा तो दावा! फुल्यांनी स्वतः मराठीत मंगलाष्टकं रचली. त्यांत नवरी नवऱ्याकडे स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते, आणि तो ते देतो. १८८७ साली हा पूजाविधी छापून आला. माझ्या मते फुल्यांच्या सगळ्या लिखाणातली ही सर्वांत कमी वाचली गेलेली आणि सर्वांत धाडसी पानं आहेत. नवरीला लग्नात तोंड आहे, ही कल्पना तुम्हीच विचार करून बघा. आजच्या लग्नात नवरी किती शब्द बोलते? उखाणा सोडून?

कायद्याने मात्र १९५५ मध्येच हा प्रश्न निकालात काढला. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात म्हटलंय, की वर किंवा वधू यांच्यापैकी कुणाच्याही समाजातल्या रूढ विधींनी लग्न लावता येईल. सप्तपदी ज्यांच्या रूढीत असेल त्यांच्या बाबतीत सातवं पाऊल टाकल्यावर लग्न पूर्ण होतं. नसेल त्यांना ती सक्तीची नाही. पुरोहित पुरुषच हवा, अमुक जातीचाच हवा, संस्कृतच हवं, असं त्या कलमात कुठेही नाही. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात सांगितलं, की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू लग्न होत नाही. तेव्हा टीव्हीवर सगळे सप्तपदी-सप्तपदी करत बसले होते. मला मात्र वाटलं, 'विधी' म्हणजे कुणाचे? आमच्या शेजारच्या गावात समाजाची रूढी म्हणून उंबर आणि हळद आहे, धवला आहे. तोही विधीच की.

स्त्री-पुरोहितांची गोष्ट आपल्याला पुण्यामुळे माहीत आहे. त्याचीही मुळं थोडी वेगळीकडे आहेत. शिर्डीजवळ साकोरीला उपासनी महाराजांनी (ते १९४१ ला गेले) मुलींना वेदमंत्र शिकवले, यज्ञ करायला बसवलं. त्यावरून तेव्हा त्यांना बरंच काही ऐकून घ्यावं लागलं. त्यांच्यामागे गोदावरी मातांनी ते चालू ठेवलं. साकोरीच्या कन्यांचं पठण ऐकून पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७० च्या दशकात बायकांसाठी पौरोहित्याचे वर्ग सुरू केले. पुढे १९९० पासून ज्ञानप्रबोधिनीनेही प्रशिक्षण सुरू केलं. आज मुंबई-पुण्यात सत्यनारायणापासून लग्नापर्यंत सगळं सांगणाऱ्या बायका आहेत, आणि चांगलं सांगतात. वेळेवर येतात, अर्थ समजावून देतात, मोबाइल वाजला तर आधी बंद करतात. माझ्या वहिनीच्या वास्तुशांतीला अशाच एक काकू आल्या होत्या. सगळ्यांना फार आवडलं.

मला या गोष्टीचं कौतुक आहेच, पण एक खटकतं. बाईने लग्न लावणं ही बातमी व्हायला तिला आधी पुरुषाची पोथी शिकावी लागली. ती संस्कृत बोलू लागली तेव्हा आपण तिला 'पुरोहिता' म्हटलं. जी मराठीत, म्हणजे आपल्याच भाषेच्या एका बोलीत, हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली, तिला आपण 'गाणारी बाई' म्हणतो. फार तर 'लोककलाकार'. लोककलाकार म्हटलं की तिला स्टेजवर दहा मिनिटं देता येतात, शाल-श्रीफळ देता येतं, आणि मग खऱ्या कार्यक्रमाला सुरुवात करता येते. ठाणे-पालघरकडच्या वारली समाजातही लग्न लावणारी बाई असते, तिला धवलेरी म्हणतात. नाव बघा, तेच कूळ. लग्नाच्या चौकाचं चित्र भिंतीवर निघतं, ते आज जगभर वारली पेंटिंग म्हणून टी-शर्टवर आणि चहाच्या कपांवर पोचलं. त्या चित्रासमोर लग्न लावणारी धवलेरी मात्र कपावर नाही.

आता मघाच्या मोकळ्या कपाळाकडे येते.

आमच्या घरात लग्नकार्य म्हटलं की पाच सवाष्णी लागतात. घाणा भरायला पाच, हळद कुटायला पाच, तेलवणाला पाच. नवऱ्याचं असणं ही त्यातली एकमेव पात्रता. बाबा गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याआधी आमच्या सगळ्या गोतावळ्यात घाणा भरताना ओव्या म्हणायला आईलाच बोलवायचे. तिला शंभरावर ओव्या पाठ आहेत. चाल एकदा लागली की ती थांबतच नाही. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात ती स्वतःहून आतल्या खोलीत जाऊन बसली. कुणी तिला 'जा' म्हटलं नाही. पण कुणी 'ये' असंही म्हटलं नाही. बाहेर पाच सवाष्णी मुसळाला हात लावून उभ्या, आणि ओवी कुणालाच येत नाही. शेवटी कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. आत आई तांदूळ निवडत होती. तिचे ओठ हलत होते, ते मी पाहिलं.

यात कुणी खलनायक नाही, हे आधीच सांगते. कारण हे वाचणाऱ्यांत त्या लग्नातले पुष्कळजण आहेत, आणि मला फोन येणार आहेत. ही रीत कुणा एकाने केली नाही. मला एवढंच विचारायचंय, की ज्या गोष्टी बायकांकडून विचारून घ्याव्यात असं सूत्रकारांनी दोन हजार वर्षांपूर्वी आपल्यावर सोडलं, त्या तर आपल्याच हातात होत्या ना? मग त्यात आपण हे लिहून ठेवलं? गुरुजींच्या पोथीशी आपलं काही चालत नाही, पण घाण्याची आणि ओटीची पोथी आपल्याच डोक्यात आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे सगळं गावात बंद. सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. उत्तम झालं. पण आमचा गोतावळा कुठल्याही ग्रामपंचायतीत येत नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. तिथे ठराव कोण मांडणार?

धवलारणीच्या बाबतीत हा प्रश्नच आला नाही. तिच्याकडे बघताना लोक तिचं कपाळ बघत नव्हते, तिला किती येतं ते बघत होते. विद्या असली की बाकीचं मागे पडतं. महदाइसेचंही तेच झालं असणार. आगरी समाज म्हणजे बायकांचा स्वर्ग, असं मी म्हणत नाही. तिथल्या मैत्रिणींनी मला तिथल्या लग्नांचा खर्च, मानपान, हळदीच्या रात्रीचा गोंधळ याबद्दल भरपूर ऐकवलंय. पण या एका कोपऱ्यात, हळदीच्या पाटाजवळ, एक जागा बाईसाठी होती. आणि ती नवऱ्याच्या नावावर मिळत नव्हती.

'होती' असं लिहिलं, कारण ती जागा आक्रसतेय. आता बऱ्याच घरांत मुख्य लग्न गुरुजी लावतात, अक्षता मंगलाष्टकांवर पडतात, आणि धवला मांडवाच्या आणि हळदीच्या दिवशी उरलाय. तिथेही डीजेवाला घाई करतो. शाळेत गेलेल्या मुलींना घरची बोली लाजिरवाणी वाटायला लागली. शाळेने ती लाज नीट शिकवली, असं एका मैत्रिणीचं म्हणणं आहे. पण सगळा दोष डीजेला आणि शाळेला देऊन चालणार नाही. ही गाणी भाताच्या खाचरात, मिठाच्या आगरात वाढली, आणि ती खाचरं म्हणजेच आमचे सेक्टर! जमिनीच्या मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई भागात आंदोलन झालं. गोळीबारात पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. जमिनीचा हिशेब तरी झाला, उशिरा आणि अपुरा, पण झाला. गाण्याचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा? विमानतळासाठी तर दहा वस्त्या मुळातून उठल्या. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. उलवे, तरघर, कोंबडभुजे ही जुनी गावठाणं ज्या जागी होती, तिथून आता विमानं उडतात.

जात्यावरच्या ओव्यांचं नशीब त्या मानाने बरं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव हिंडून त्या गोळा केल्या. आकडा लाखाच्या वर गेला, आणि २०१७ पासून त्या 'परी' या संकेतस्थळावर यायला लागल्या, गाणाऱ्या बाईच्या नावासकट. कुणी ऐकल्या नसतील तर जरूर ऐका. आमच्या आईला मी एक दुपार ऐकवल्या, तर ती प्रत्येक ओवीला "हिचं दुसरं कडवं चुकलंय" म्हणत होती. चुकलेलं नसतं, गावागणिक वेगळं असतं. पण तिला सांगणार कोण!

भाचीचं लग्न या वैशाखात आहे, पनवेललाच. घाणा भरायला आई बसणार असं भाचीनेच जाहीर केलंय, मोठ्या ग्रुपवर. त्यावर तीन अंगठे आले, दोन नमस्कार आले, बाकी शांतता. आईने स्वतः अजून हो म्हटलेलं नाही. "बघू, तेव्हाचं तेव्हा," म्हणाली. पण परवा मी गेले तेव्हा जुन्या वहीत काहीतरी लिहीत बसली होती. मला दाखवलं नाही.

धवलारीण मावशींकडेही मागच्या आठवड्यात जाऊन आले. त्यांची नात इंजिनिअरिंगला आहे. तिने आजीचे धवले फोनवर रेकॉर्ड करायचं मनावर घेतलंय. आम्ही दोघी फोन समोर ठेवून बसलो. मावशींनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, मांडव नाय, नवरी नाय, असा कोनाला गाऊ? पुढचं आठवतच नव्हतं त्यांना, खरंच. समोर हळदीचं ताट असेल तर आपोआप येतं म्हणाल्या. त्यांच्या गल्लीत एप्रिलच्या शेवटाला एक हळद आहे. नातीने नवरीच्या आईला विचारून ठेवलंय, डीजे दोन तास उशिरा सुरू करायचं ठरलंय. मला सहा वाजता बोलावलंय.